हातात घेतलेली तंबाखू

व्हाइटफिश नॅरोज
३ मार्च

लाइल,

पत्र बघून हुरळून जाऊ नकोस. माझं प्रेम उतू चाललंय म्हणून लिहीत नाहीये. फसले म्हणून लिहितेय.

झालं असं. मंगळवारी शेडमध्ये मूस हरणाचं कातडं खरवडत बसले होते, तेवढ्यात कॉन्स्टेबल नॉर्मा आयर्नस्टार आली. तू आत गेल्यावर इथे बदलून आलेली बाई आहे ही, दक्षिणेकडच्या माळरानावरची, नकोटा जमातीची. आदिवासी म्हणून आपल्यातलीच म्हणायची, पण आपल्या गावची नाही. तिच्या हातात लाल फडक्यात बांधलेली तंबाखू होती. तिच्या बहिणीचं जूनमध्ये लग्न आहे आणि माझ्या मणीकाम केलेल्या बुटांवर तिचा कधीपासून डोळा आहे. मला वाटलं, त्याचसाठी आली. हात पुसले, तंबाखू घेतली आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "पायाचं माप दे."

ती म्हणाली, "हेझल, मी लाइलसाठी आलेय."

शहरात राहून तू विसरला असशील, पण तंबाखू एकदा हातात घेतली की मग नाही म्हणता येत नाही. आधी काम विचारावं, मग हात पुढे करावा, हे मी गावातल्या पोरींना शिकवते. आणि त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःच तोंडावर आपटले.

तिचं मागणं दोन गोष्टींचं. तू सप्टेंबरात सुटेपर्यंत महिन्याला निदान एक पत्र तुला लिहायचं. आणि सुटल्यावर गाव तुझा निवाडा करायला गोल करून बसेल तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं. कौन्सिलने तुझ्या जन्मभराच्या गावबंदीचा कागद तयार ठेवलाय, फक्त चीफची सही राहिलीय. नॉर्माने त्याला कसंबसं थांबवलंय. तुझ्या शेजारी बसायला रक्ताचं माणूस मिळालं नाही, तर बैठकही नाही आणि गावही नाही. आहे तरी कोण तुला? माझा भाऊ होरेस, तुझा मामा, तळ्यापलीकडे झोपडीत राहतो, चार माणसांत बसायचा नाही. तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तेव्हापासून मीच.

माय मरो, मावशी उरो म्हणतात. उरले, वाढवला तुला. काय वाढवला ते अख्ख्या गावाने बघितलं.

गावाची बातमी अशी की आम्ही सात म्हाताऱ्या आता गस्त घालतो. नारिंगी जाकिटं घालून, माझ्या पिकअपमध्ये, संध्याकाळच्या जेवणानंतर. तुमच्या टोळीने तुझ्यामागे नशेच्या धंद्यासाठी आणखी दोन घरं धरली होती. पूर्वी शहरातून पोलीस यायचे, कुत्री आणायचे, दार फोडायचे, जायचे, आणि आठवड्यात शेजारच्या घरात तोच धंदा सुरू. आम्ही दार फोडत नाही. सूप घेऊन जातो आणि दारातून हलत नाही. पोलिसांची गाडी बघून पोरं पळतात, आमची बघून कुठे पळणार? आत प्रत्येकाची कोणी ना कोणी आजी बसलेली. नॉर्मा मागून हळूहळू गाडी चालवते आणि मधे बोलत नाही. एक घर बंद झालं. गाव करी ते राव न करी.

तानिस कुकबद्दल तुला काही लिहायचं असेल तर लिही. नसेल तर तिकडचं हवामान कळव.

हेझल


२१ मार्च

मावशी,

तू फसलीस ते फार बरं झालं. नॉर्मा आयर्नस्टारला माझ्यातर्फे एक जोड बूट दे.

पाकीट उघडलं तर धुराचा वास आला, तुझ्या कातडं धुरवायच्या झोपडीचा. माझ्या खोलीतला म्हातारा विचारायला लागला, काय जळतंय? मी म्हटलं, माझी मावशी. दोन दिवस पत्र उशीखाली ठेवून झोपलो. हे लिहायला लाज वाटतेय, पण आता लिहून झालं.

नारिंगी जाकिटात तू कशी दिसत असशील ते डोळ्यासमोर आणून एकटाच हसत बसतो.

तानिसबद्दल. ते झालं त्या दिवशी मी घरात नव्हतो, हे मी कोर्टात सांगितलंच आहे. माल आणायला शहरात गेलो होतो. पण घर माझं होतं, आणि तिला त्या घरात आणलं मीच. तेवढं मला मान्य आहे. आणखी काय लिहावं कळत नाही.

इथलं हवामान दिव्याच्या उजेडाचं आहे. सकाळ-संध्याकाळ एकच. गोठलेल्या तळ्यावर अजून गाड्या चालतात का?

लाइल


८ एप्रिल

लाइल,

चालतात, पण कडेला पाणी दिसायला लागलंय.

आणखी काय लिहावं तुला कळत नाही, तर मी सांगते. उणे अडतीस होतं त्या दिवशी आणि ती बाहेर बर्फात नुसत्या मोज्यांवर होती. थंडीने तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली, उजव्याचं एक. सतरा वर्षांची होती, आता एकोणीस. दर गुरुवारी माझ्याकडे मणीकाम शिकायला येते. सुई अंगठा आणि तळव्यात धरते. पहिल्या महिन्यात मण्यांचा डबा तीनदा जमिनीवर उधळला, तिन्ही वेळा स्वतः गोळा केला, मला हात लावू दिला नाही. आता पान जमतं, फूल अजून बिघडतं. तोंड माझ्यापेक्षा तिखट आहे. परवा म्हणाली, "हेझल, तुझं फूल बघून कळतं की तुला दहाच्या दहा बोटं असून उपयोग नाही."

तिची आई बर्निस माझ्याशी बोलत नाही. मी सूप नेऊन देते. ती भांडं घेते आणि दार लावते. दुसऱ्या दिवशी घासलेलं भांडं पायरीवर असतं. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला पोरगा तिच्या लेकीला त्या घरात घेऊन गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कोणाला बोलू?

तू नीट जेवतोस का? नुसतं विचारतेय. तंबाखूत हे नव्हतं.

हेझल


२ मे

मावशी,

जेवतो. लापशी, आणि मग परत लापशी.

तुझं पत्र पुष्कळदा वाचलं. मला बाहेर पडायचंय, मावशी, नुसतं तुरुंगातून नाही, टोळीतूनही. इथे विभागात आठजण आहेत त्यांचे. मी त्यांना सांगितलं की बाहेर गेल्यावर माझं नाव काढून टाका. ते म्हणाले ठीक आहे, पण एक काम करून जा. त्या जानेवारीत पोलिसांना फोन कोणी केला त्याचं नाव दे. तेवढं दिलं की मोकळा.

मला वाटतं डेल्मर, पेट्रोलपंपावरचा. त्याच्या खिडकीतून आमचं घर सरळ दिसायचं आणि त्याला मी कधीच आवडलो नाही. मी त्याला काही करणार नाही. ते काय करतील ते मला माहीत नाही. खरं तर माहीत आहे, पण मला घरी यायचंय.

तुला गावातलं सगळं कळतं. डेल्मरनेच केला ना? फक्त हो लिही.

लाइल


१९ मे

लाइल,

डेल्मर बिचारा पंपावर बसून शब्दकोडी सोडवतो. त्याने आयुष्यात कोणाला फोन केला नाही, बायकोलासुद्धा नाही.

फोन मी केला.

त्या दिवशी सकाळी सरपण आणायला बाहेर आले तर लाकडाच्या ढिगाआड पोर बसलेली. आधी मला वाटलं कोणी कोट टाकून गेलंय. आत आणलं, तिचे हात माझ्या पोटाला लावून धरले, आणि खांदा आणि कानामध्ये फोन अडकवून पोलिसांना बोलावलं. त्यांनी घर कोणाचं विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. स्पष्ट सांगितलं, दोनदा.

तुला घेऊन चालले तेव्हा मी खिडकीत होते. तुझ्या पायात बूट नव्हते. वाटलं, धावत जावं आणि तुझ्या मामाचे बूट तरी द्यावेत. गेले नाही. दोन वर्षं मला फोनचं काही वाटलं नाही, बुटांचं वाटतं.

तुमची पत्रं तिथले लोक आधी वाचतात म्हणे. वाचू देत. तुला नाव हवंय ना, तर हे घे. हेझल सेटी. हे देऊन तुझी सुटका होत असेल तर दे त्यांना. तू घरी यावास म्हणून मी एवढं करू शकते. मी म्हातारी झाले, आणि माझ्या गाडीत आणखी सहा जणी असतात.

डेल्मरच्या वाटेला जाऊ नकोस.

हेझल


२ जून

लाइल,

पत्र नाही तुझं. शब्द दिलाय म्हणून मी लिहितेय. बर्फ गेला तळ्यावरचा. नॉर्माच्या बहिणीचे बूट झाले.

हेझल


१६ जून

लाइल,

दुसरं घरही बंद झालं. त्यातली दोन पोरं होरेस मामाबरोबर जाळी टाकायला जातात. तुझं पत्र नाही. राग आला असेल तर रागाचं लिही. मला चालेल.

हेझल


३० जून

लाइल,

आज पोस्टातल्या बाईने मला बघून आधीच मान हलवली. काय लिहू? मिठाई नको, दोन ओळी पाठव.

हेझल


१४ जुलै

मावशी,

अक्षर असं का ते विचारू नकोस, डाव्या हाताने लिहितोय.

तुझं मेमधलं पत्र वाचलं आणि त्याचे बारीक तुकडे करून पाण्यात सोडून दिले. रागाने नाही. इथे खोल्यांची झडती फक्त पहारेकरीच घेतात असं नाही. तुझं नाव कोणाच्या हाती लागायला नको होतं. माझ्याकडे ठेवण्यासारखं तेवढंच एक पत्र होतं आणि तेच ठेवता आलं नाही.

मग त्या आठजणांना सांगितलं की नाव मला माहीत नाही आणि मी शोधणारही नाही. मनगट मोडलं, जबडाही थोडा. आता मला वेगळ्या विभागात ठेवलंय, तिथे त्यांचं कोणी नाही. एवढं झाल्यावर ते मला सोडतील किंवा सोडणार नाहीत, पण मी त्यांचा नाही हे आता सगळ्यांना कळलंय. तू काळजी करशील म्हणून कळवू दिलं नाही. त्याने तू जास्तच काळजी केलीस.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तू मला खरं सांगितलंस. आता माझं ऐक.

मी शहरात गेलो नव्हतो. घरातच होतो.

तानिस म्हणाली होती की तिला हे सोडायचंय, आईकडे जायचंय. शहरातून आलेले ते दोघे हसले, म्हणाले, जा की मग, आणि तिला तशीच बाहेर काढून दार लावलं. मग माझ्याकडे बघत राहिले. मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसलो. ती ठोकत होती. तिने माझं नाव घेतलं. मी हात वर करून गाण्याचा आवाज वाढवला. दोन गाणी संपेपर्यंत ती ठोकत होती, मग थांबली. मी म्हटलं, गेली असेल कोणाकडे. तसं मी ठरवून टाकलं.

मला थंडीची भीती वाटली नाही, त्या दोघांची वाटली. ते मला बुळा म्हणतील याची वाटली.

तंबाखू परत करता येते का ते नॉर्माला विचार. करायची असेल तर कर. मी तुला दोष देणार नाही.

लाइल


२ ऑगस्ट

लाइल,

पत्र मिळून बारा दिवस झाले. पहिले काही दिवस मला तुझं नाव ऐकवेना. गुरुवारी तानिस आली, समोर बसली, आणि मला तिच्या हातांकडे बघता येईना. ती म्हणाली, "काय गं, चष्मा हरवला का?" मी हो म्हटलं.

तंबाखू परत करता येत नाही. हे नॉर्माला विचारायची गरज नाही. पण तुला खरं सांगते, मी तो लाल फडका काढून समोर ठेवला आणि स्वतःला विचारलं, हे नसतं तर मी काय केलं असतं? उत्तर लवकर आलं नाही. आलं ते असं की बसलेच असते तुझ्या शेजारी. तुला माझ्या घरात वाढवलं तेव्हा कोणी तंबाखू आणून दिली नव्हती.

पण एक ऐक. हे जे मला कागदावर लिहिलंस, ते तिथे तोंडाने बोलायचं, तानिस समोर बसलेली असताना. मी तिला आधी सांगणार नाही, नॉर्मालाही नाही. कोर्टात खोटं बोललास त्याचं जे होईल ते होईल. ते काम तुझं आहे, ते मी करणार नाही. नाही बोललास, तर मी शेजारी बसलेली असेन आणि आपल्या दोघांनाही ठाऊक असेल.

मनगट कसं आहे? दूध पीत जा.

मावशी


१० ऑक्टोबर

लाइल,

बैठक संपल्या संपल्या होरेस मामा तुला होडीत घालून तळ्यापलीकडच्या झोपडीत घेऊन गेला, आपलं बोलणंच झालं नाही. आणि बैठकीत तू सगळा वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होतास. म्हणून तुला जे दिसलं नाही ते सांगते.

शाळेच्या त्या मोठ्या खोलीत माणसं मावत नव्हती. नॉर्मा वर्दी काढून रिबिनींचा घागरा घालून आली होती आणि चीफच्या नाही, आम्हा म्हाताऱ्यांच्या बाजूला बसली. गरुडाचं पीस हातोहात फिरत होतं. ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. डेल्मरच्या हाती आलं तर तो म्हणाला, "मला काही बोलायचं नाही, पण पोराने दोनदा पेट्रोलचे पैसे बुडवलेत." लोक हसले. तू तेव्हाही वर बघितलं नाहीस.

मग पीस तुझ्याकडे आलं. तू बोलायला लागलास तशी बर्निस उठून दारापाशी गेली. दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. तू दोन गाण्यांचं सांगितलंस तेव्हा तिचे खांदे हलत होते. मी म्हटलं, आता ही बाहेर जाणार आणि सगळं संपणार. ती गेली नाही. परत आली आणि लेकीच्या खुर्चीमागे उभी राहिली. नॉर्माने वही काढली नव्हती, पण तिचा चेहरा पोलिसाचा झाला होता. ती कोर्टाला कळवणार आहे. तुला तिने सांगितलंच असेल.

तानिसने पीस घेतलं, सुई धरते तसं, अंगठा आणि तळव्यात. तिचं बोलणं तू ऐकलंस. "मला माहीत होतं. दाराच्या काचेतून तुझी टोपी दिसत होती." पण तिचा चेहरा तुला दिसला नाही, म्हणून लिहितेय. रागाचा नव्हता रे तो. फार दिवस वजन घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी बस म्हणावं, तसा होता. दोन वर्षं तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. माझ्या समोर बसून फुलं शिवत होती आणि पोटात हे. मी तिच्यापासून लपवत होते, ती माझ्यापासून. दोघी मेल्या शहाण्या.

चीफने विचारलं, तुला काय हवं? मला वाटलं, हा डोळ्यांसमोर नको, असं म्हणेल. तिने म्हणायला हवं होतं असं मला वाटत होतं, आणि म्हणू नये म्हणून मी खुर्ची घट्ट धरून बसले होते. ती म्हणाली, "मी ठोकलं तर उघडायचं. कुठेही असला तरी."

बस, तेवढंच.

चीफने गावबंदीचा कागद फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवलाय, वर्षभर तिथेच राहील. तोवर तू मामाबरोबर मासे धरायचे, म्हाताऱ्यांच्या घरी पोचवायचे, तळं ओलांडून एकट्याने गावात यायचं नाही. आम्ही सामान घेऊन येत जाऊ. तळ्यावर बर्फ धरायला लागला की तो पक्का होईपर्यंत पंधरा-वीस दिवस येता येणार नाही. तेवढे काढ.

मोजे कोरडे ठेव. मामाचे बूट तुझ्यासाठीच पाठवलेत.

मावशी


६ डिसेंबर

मावशी,

हे पत्र नॉर्माजवळ देतोय. ती बाहेर स्नोमोबिलपाशी उभी आहे आणि घाई करतेय, म्हणून झालं तसं लिहितो.

मामा जाळ्यांवर गेला होता. मी मासे साफ करत होतो. दारावर ठोकल्याचा आवाज आला. इथे वाऱ्यानेही दार वाजतं. दोन महिने मी प्रत्येक वेळी उठून उघडतो आणि मामा मला वेडा म्हणतो. आजही उठलो.

तानिस होती. मागे लांब नॉर्मा. तानिसने मोठाले हातमोजे घातले होते, फुलांचे, तूच शिकवलेले असतील. एक फूल वाकडं होतं. मी म्हटलं, आत ये. ती आली नाही. माझ्याकडे आणि मग दाराकडे बघून म्हणाली, "लाव."

मी दार लावलं. तिने ठोकलं. मी उघडलं.

"लाव."

परत लावलं, परत ठोकलं, परत उघडलं. तिसऱ्या वेळी ती रडत होती, पण चेहरा पुसला नाही आणि म्हणाली, "लाव." आतली सगळी ऊब निघून गेली, माशांच्या बादलीवर बर्फाची साय धरायला लागली. तेवढ्यात मामा आला आणि लांबूनच ओरडला, "अरे, सरपण काय तुझा बाप तोडतो का?" तानिसने मान वळवून त्याला सांगितलं, "गप बस, म्हाताऱ्या, अजून झालं नाही." मामा गप बसला. तो कोणाचं ऐकून गप बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी मला वाटायचं की या वेळी उघडेन तर ती गेलेली असेल. गेलेली नव्हती.

मग एकदा उघडलं तेव्हा तिने लाव म्हटलं नाही. बुटांवरचं बर्फ झटकलं आणि आत आली. चुलीजवळ बसली. मी चहा ठेवला. चार चमचे साखर घालून तिने दोन कप चहा प्यायला.

मावशी, इथली साखर संपलीय. पुढच्या खेपेला जास्त पाठव.

लाइल